लॅग : लक्षणे, निदान व घरगुती उपचार

घरच्या इंटरनेटमध्ये मोजण्यासारख्या गोष्टी दोन असतात. त्यांपैकी विकली जाते एकच. पहिली म्हणजे एका सेकंदात माल किती आला. ती एमबीपीएसमध्ये मोजतात, होर्डिंगवर छापतात आणि तिचेच बिल दरमहा येते. दुसरी म्हणजे पाठवलेल्या निरोपाचे उत्तर यायला वेळ किती लागला. ती मिलिसेकंदात मोजतात आणि तिच्याबद्दल कुठल्याही होर्डिंगवर अवाक्षर नसते. एरवी दहा-वीसवर निवांत बसलेली ही दुसरी संख्या एकाएकी आठशे-नऊशेवर उडी घेते आणि दोन-चार सेकंदांत, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने, पुन्हा जागेवर येऊन बसते. या उडीला लॅग स्पाइक म्हणतात. घरात तिचा पुकारा 'नेट गंडलं' असा होतो आणि घरून काम करणाऱ्याला ती समोरच्याच्या 'तुमचा आवाज कट होतोय' या वाक्यातून कळते.

केंद्र सरकारने 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या सुधारली आणि किमान वेग 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेला. त्या व्याख्येतला आकडाही मालाचाच आहे, वाट पाहण्याचा नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस मात्र सांगते की संभाषण सुरळीत चालायचे तर एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. (मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांत हाच परिणाम एका स्टुडिओत, शून्य विलंबात साधलेला आहे.)

लॅगचे पहिले लक्षण असे की तो घरातल्या सगळ्यांना दिसत नाही. सिनेमा किंवा मालिका दाखवणारे अॅप पुढचे अर्धे-एक मिनिट आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे दोन सेकंदांचा खड्डा प्रेक्षकाला जाणवतच नाही. म्हणून आतल्या खोलीतून 'अरे, लॅग मारतंय!' अशी आरोळी आली की हॉलमधून 'माझं तर व्यवस्थित चाललंय' असे उत्तर येते. दोन्ही विधाने खरी असतात. घरातल्या मोठ्या माणसांचे नेट कधीच गंडत नाही, या समजुतीचा शास्त्रीय आधार एवढाच.

घरगुती निदानाची सुरुवात आरोपीपासून होते. आरोपी बहुधा गेम खेळणारा मुलगा. 'तो गेम बंद कर, सगळं नेट ओढून घेतोय' हे वाक्य ज्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते तो वाखाणण्याजोगा असला तरी त्याला मोजमापाचा पाठिंबा नाही. गोळीबाराचा ऑनलाइन गेम चालू असताना माहितीची छोटी छोटी पाकिटे जात-येत असतात आणि त्यांचा एकूण भार एखाद्या बऱ्यापैकी व्हिडिओच्या तुलनेत किरकोळ असतो. गेमला रुंदी, म्हणजे एमबीपीएस, लागत नाही. पाकीट वेळेवर पोचणे लागते. म्हणजे या खटल्यात आरोपी म्हणून उभा केलेला इसम प्रत्यक्षात फिर्यादी असतो.

दुसरी घरगुती पद्धत स्पीड टेस्टची. काटा गर्रकन फिरतो, शंभरच्या प्लॅनला अठ्ठ्याण्णव दाखवतो आणि घराचे समाधान होते. ही चाचणी काही सेकंद भरपूर माल ओढून त्याचा एक आकडा देते. मधले दोन सेकंद कसे गेले हे त्या आकड्यातून कळत नाही. तरीही तक्रार नोंदवताना कंपनी पहिल्यांदा मागते तो याच काट्याचा स्क्रीनशॉट. काटा ठीक असला की ग्राहक ठीक, हा नियम.

खरे साधन पिंग. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये हजारेक ओळींचा हा प्रोग्रॅम एका संध्याकाळी लिहिला. तेवढ्या वेळात आज कस्टमर केअरचा मेनू ऐकून होतो. पाणबुडी शोधणारे सोनार जसा आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, तसा हा प्रोग्रॅम एक पाकीट सोडतो आणि ते परत यायला लागलेला वेळ छापतो. विंडोजवर काळ्या खिडकीत पिंग, पुढे वजा-टी आणि पुढे पत्ता लिहिला की दर सेकंदाला एक ओळ उमटत राहते. शहाणपण एका खिडकीत नसून दोन खिडक्यांत आहे. एकीत घरच्या राउटरचा पत्ता, बहुधा 192.168.1.1, दुसरीत बाहेरचा कुठलाही भरवशाचा पत्ता, उदाहरणार्थ 8.8.8.8. दोन्ही शेजारी-शेजारी चालू ठेवून कामाला लागायचे.

उडी आली की मागे जाऊन दोन्ही ओळी वाचायच्या. राउटरच्या खिडकीत 2, 3, 2, 2, 411, 3 असे दिसले तर पाकीट घराबाहेर पडायच्या आधीच अडकले, दोष घरातला. राउटरकडे 2, 2, 3 आणि बाहेरच्या खिडकीत 14, 15, 870, 640 व मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असे असेल तर दोष राउटरपासून पुढे. एवढ्या तपासाला खर्च शून्य. म्हणूनच बहुधा तो सगळ्यात शेवटी, नवा राउटर विकत आणून झाल्यावर केला जातो.

घरातल्या दोषाचे मूळ नव्वद टक्के वेळा वायफाय असते, असे म्हणायची पद्धत आहे. टक्केवारी कोणी मोजलेली नाही, पण संशय बरोबर दिशेला आहे. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात 2005 पासून परवान्याशिवाय वापरता येतो. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच : 1, 6 आणि 11. सोसायटीच्या एका विंगमध्ये प्रत्येक दारामागे एक राउटर धरला तर या तिघांवर किती संसार आहेत याचा अंदाज येतो. हवेत एका वेळी एकानेच बोलायचे, आधी कानोसा घ्यायचा आणि कोणी बोलत असेल तर थांबायचे, हा वायफायचा नियम. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कधीही न पाळला गेलेला हा नियम सभासदांची यंत्रे रात्रंदिवस पाळतात आणि त्या सभ्यतेची किंमत मिलिसेकंदांत मोजतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.45 गिगाहर्ट्‌झवरच चालतो, पण तो कानोसा वगैरे घेत नाही. रात्री साडेआठला भाजी गरम करायला ठेवली की दीड मिनिट नेट जाते, ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

राउटरची जागा हा वेगळाच अध्याय. ती ठरवतो वायर घेऊन आलेला मुलगा आणि त्याचा निकष एकच : वायर जिथून आत आली तिथे खिळा. म्हणून घराचे इंटरनेट बूट ठेवायच्या लोखंडी कपाटावर किंवा मुख्य दाराच्या चौकटीवर नांदते. पुढचे संस्कार घरचे. दिवे लुकलुकतात म्हणून तो टीव्हीच्या मागे ढकलला जातो, धूळ बसते म्हणून त्यावर भरतकामाचा रुमाल येतो आणि उन्हाळ्यात तापून तो अधूनमधून झोपला की दोष कंपनीला. उपाय साधे आहेत. राउटर उघड्यावर, उंचावर, घराच्या मध्याकडे आणावा. जवळच्या यंत्रांना 5 गिगाहर्ट्‌झवर न्यावे. तिथे गर्दी कमी, मात्र भिंतीपुढे त्याची मात्रा लवकर संपते. उडी ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखी येत असेल तर लॅपटॉपवर संशय घ्यावा. काही लॅपटॉप जोडलेले असतानाही मधूनच चॅनेल सोडून आसपास दुसरे नेटवर्क कुठले आहे ते बघून येतात. स्थळ मिळाल्यावरही विवाह मंडळात नाव चालू ठेवणाऱ्यांतली ही जात.

या सगळ्या वादाचा निकाल पंधरा मीटरच्या लॅन केबलने लागतो. केबल लावल्यावर उड्या थांबल्या तर दोष वायफायचा, नाही थांबल्या तर पुढे चालावे. अडचण तांत्रिक नाही. केबल हॉलमधून जाते, पायात येते आणि पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकली जाते.

केबल लावूनही संध्याकाळी उड्या येत असतील तर एक विलक्षण दोष तपासावा लागतो. तो यंत्र बिघडल्याने होत नाही. यंत्र फार उदार असल्याने होतो. राउटर व मोडेममध्ये पाकिटे तात्पुरती ठेवायला जागा असते. स्मरणशक्तीच्या चिपा स्वस्त झाल्या, तशी उत्पादकांनी ती जागा वाढवत नेली. पाकीट फेकले जाऊ नये हा सद्हेतू. पण वेग केव्हा कमी करायचा हे पाठवणाऱ्या संगणकाला मुख्यतः पाकीट हरवल्यावरच कळते. रांगेला जागा भरपूर असली की काही हरवत नाही, म्हणून पाठवणारा थांबत नाही, म्हणून रांग वाढतच जाते. हिशेब सोपा आहे : वर पाठवायचा वेग 10 एमबीपीएस आणि रांगेत एक मेगाबाइट साठलेले असेल तर नव्या पाकिटाला स्वतःची पाळी यायला 800 मिलिसेकंद लागतात. बँकेत एक चेक टाकायला आलेला माणूस आठवड्याची चिल्लर भरायला आलेल्या दुकानदाराच्या मागे उभा राहतो, तशी गेमच्या पाकिटाची अवस्था होते.

घरातला दुकानदार कोण, हे शोधणे नाजूक काम. संध्याकाळी सातच्या सुमाराला कर्ता पुरुष घरी येतो. त्याचा फोन खिशातच वायफायला जोडला जातो आणि दिवसभरात जमलेला ऐवज निमूटपणे क्लाउडवर चढवू लागतो : उगवत्या सूर्यासह सुप्रभात, गुलाबाच्या पार्श्वभूमीवर शुभ रात्री, ऑफिसातल्या निरोप समारंभाचा साडेचार मिनिटांचा व्हिडिओ आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवरून आलेला म्हणून परत एकदा. वर जाण्याची वाट भरते, आतल्या खोलीत आरोळी उठते आणि 'तो गेम बंद कर' हा आदेश नेमका त्याच फोनच्या मालकाच्या तोंडून निघतो. फोनचा बॅकअप रात्री दोनला लावून ठेवला की हा कौटुंबिक प्रश्न मिटतो. मात्र तसे सुचवण्याची हिंमत करणारा सदस्य घरात असावा लागतो.

या दोषाला नाव मिळवून दिले ते जिम गेटिस यांनी. इंटरनेटचे मुरलेले जाणकार असूनही 2010 मध्ये त्यांना स्वतःच्या घरच्या नेटवर हाच त्रास झाला आणि त्यांनी शोध घेतला, तेव्हा रांगा जगभर फुगलेल्या आढळल्या. 'बफरब्लोट' हा शब्द तेव्हापासूनचा. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये उतारा दिला : रांग किती लांब आहे ते बघू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभे आहे ते बघा, फार वेळ उभे राहावे लागत असेल तर एखादे फेकून पाठवणाऱ्याला जागे करा. त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली गेली आणि 2018 मध्ये ही पद्धत अधिकृत इंटरनेट दस्तऐवजांत दाखल झाली. ती असलेल्या राउटरवर एसक्यूएम नावाची सोय सापडते. तिथे वेग प्लॅनच्या नव्वद टक्क्यांवर बांधून घालायचा, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या ताब्यात राहते. इथे ग्राहक बिचकतो. शंभरचे पैसे भरून नव्वद वापरायचे, हे मध्यमवर्गीय मनाला पटत नाही. कंपनीच्या फुकट राउटरमध्ये ही सोय बहुधा नसतेच. कंपनी सुचवते ते वेगळे : दोनशेचा प्लॅन घ्या. रुंदी वाढली की रांग काही काळ लवकर संपते हे खरे. मग घरातले फोन नव्या रुंदीला सरावतात.

दोन खिडक्यांनी बोट बाहेर दाखवले तर पुढची पायरी काचेच्या तंतूची. घरातल्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती दिसते. ती उणे 27 डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली घसरली असेल तर कुठेतरी जोड सैल, मळका किंवा तंतू नको तितका वाकलेला आहे. बहुतेक वेळा तो सरकत्या खिडकीच्या फटीत चेंगरलेला असतो आणि प्रत्येक वेळी खिडकी ओढली की नेट झटका खाते. जिन्यातली पेटी पाहण्यासारखी असते : झाकणाची खिटी तुटलेली, वर पावसासाठी केळीवेफर्सच्या दुकानाची पिशवी सुतळीने बांधलेली आणि आत बिनलेबलांच्या पिवळ्या वायरींची गुंतवळ. एकाची वायर दुरुस्त करताना शेजाऱ्याची सुटते आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवर पहिल्याची. तिथून पुढे गच्च्या आणि विजेचे खांब. पावसाळा, मांजा, उंदीर आणि मिरवणुकीतली उंच मूर्ती यांतले काय आड आले, यावर त्या दिवसाचे नेट ठरते. एकाच मुख्य तंतूवर 32 किंवा 64 घरे विभागलेली असतात आणि त्यांनी वर पाठवायचे ते पाळीपाळीने. त्यामुळे उड्या फक्त रात्री नऊ ते अकरात येत असतील, तर तंतू शाबूत आहे आणि केबलवाल्याने पुढून घेतलेली रुंदी गिऱ्हाइकांना अपुरी आहे.

हे त्याला सांगण्याची रीत ठरलेली आहे. 'राउटर बंद करून चालू करा' हे पहिले उत्तर. त्याला उगाच हसू नये : पुन्हा चालू होताना राउटर अनेकदा मोकळे चॅनेल निवडतो, तापलेला असेल तर निवतो आणि साचलेल्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे दोन दिवस बरे जातात. दुसरे उत्तर 'वरूनच प्रॉब्लेम आहे'. वर म्हणजे कुठे, हा प्रश्न विचारायचा नसतो. तक्रार टाकताना दोन्ही खिडक्यांच्या ओळी, वेळ आणि डीबीएमचा आकडा एकत्र दिला तर ती पहिल्या पायरीवरून पुढे सरकण्याची शक्यता वाढते. कंपनीचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतो. तेव्हा उड्या नसतात. तो काटा फिरवून अठ्ठ्याण्णव दाखवतो, ओटीपी मागतो आणि तक्रार निवारण झाल्याचा एसएमएस तो जिना उतरायच्या आत येतो.

खरोखरच्या 'वर'च्या दोषांना घरगुती उपचार नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारा बराच माल लांबच्या वाटेने गेला; मुंबईला येणारी आयएमईडब्ल्यूई केबल त्यात होती. वाटेतला अडथळा ट्रेसरूट या टप्प्याटप्प्याने वेळ मोजणाऱ्या साधनाने पाहता येतो. फक्त मधल्याच एखाद्या टप्प्यावर मोठा आकडा आणि पुढे सगळे ठीक असे दिसले तर घाबरू नये. असल्या चौकशांना उत्तर देणे हे मधल्या यंत्रांचे शेवटच्या प्राधान्याचे काम असते. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून हवाई अंतरच 3,900 किलोमीटरच्या घरात आहे, आणि काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद तिथेच खर्ची पडतात. समुद्रातले वळसे वेगळे. सेटिंगमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडता येत असेल तर निवडावा. नसेल, तर प्रकाशाच्या वेगाबद्दलही कस्टमर केअर राउटर बंद करून चालू करायलाच सांगते.