खड्ड्यात चार्ज होणारी गाडी

कायमची बिघडलेली गाडी सज्जन असते. ती सकाळी सुरू होत नाही, संध्याकाळी होत नाही आणि मिस्त्रीसमोरही होत नाही. तिच्या वागण्यात एकवाक्यता असते. खरा छळ करते ती अधूनमधून बिघडणारी. माझी नागपूर पासिंगची एमएच-३१ त्यातली. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत नेऊन पुढच्या पाच वर्षांसाठी पासिंग करून आणलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काडीचाही दोष नाही. इतकी वर्षं चालेल असं त्यांनी कुठं लिहून दिलं होतं?

रोग असा की गाडी कधी बॅटरी चार्ज करायची, कधी करायची नाही. केली नाही की हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, वायपर अर्ध्या काचेत विचारात पडायचा आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला की नुसतं कट्-कट्. तिसऱ्या दिवशी सगळं आलबेल.

दुसरा कोणी असता तर सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेला असता. पण मी पडलो विज्ञानाचा निवृत्त मास्तर. फॅरेडेनं १८३१ साली जे शोधून काढलं ते मी दहावीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवत आलो. विद्युत जनित्र हा माझा हातखंडा धडा. मग गणेशपेठेतल्या मिस्त्रीला पैसे कशाला?

प्रथम बॅटरी बदलली. नव्या बॅटरीची गंमत अशी की ती रोग झाकते. अल्टरनेटर, म्हणजे गाडीतलं जनित्र, काही देवो न देवो, ती आपल्या पुंजीतून गाडी चालवत राहते. तेवढ्या अवधीत मी कॉलनीत चार जणांना ‘बॅटरीच गेली होती, दुसरं काही नाही’ असं सांगून मोकळा झालो. पुंजी संपल्यावर त्याच चार जणांनी धक्का दिला. मग फॅन बेल्ट बदलला. मग टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली. मग अर्थिंगची वायर घासली. प्रत्येक उपायानंतर गाडी थोडे दिवस बरी व्हायची, आणि हेच वाईट. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात शेवटी जे केलं त्याला श्रेय मिळतं. बेल्टनं बरं वाटलं, सोड्यानंही वाटलं, आणि एकदा तर नुसता टायर बदलल्यानं वाटलं. आयुष्यभर पोरांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवलेला हा माणूस पुढं पुढं डावं इंडिकेटर देऊनच गाडी बाहेर काढू लागला, कारण एकदा तसं केल्यावर चार्जिंग झालं होतं.

शेजारचे काका जुन्या अँबेसेडरच्या काळातले. ते म्हणाले, “मास्तर, इंजिन चालू ठेवा अन् बॅटरीचं टर्मिनल काढून टाका. गाडी बंद पडली तं डायनमो खराब, चालू राह्यली तं चांगला.” जुन्या डायनमोच्या गाड्यांत मिस्त्री हे सर्रास करत. अल्टरनेटरच्या गाडीत चालत्या इंजिनावर बॅटरी सोडवली तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. मी काकांना टर्मिनलवरून हात काढायला लावला आणि १८३४ सालच्या लेंझच्या नियमापासून सुरुवात केली. या सबंध प्रकरणात मी केलेली बरोबर गोष्ट ही एवढीच. तिची दखल कोणी घेतली नाही. काका लेंझच्या अलीकडेच घरी गेले होते.

मग मी माझा मल्टिमीटर काढला. हिशेब सोपा आहे. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू असताना चार्जिंग नीट असेल तर तेच माप १४ च्या जवळ जातं. माझ्या मीटरवर आकडा आला १६.४. मी हरखलोच. म्हणजे गाडी कमी नव्हे, जास्त चार्ज करत होती! रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळणार, आणि उपाय म्हणजे जास्तीची वीज खर्चून टाकणं.

त्या संध्याकाळी मी हेडलाइट, एसी, पंखा, रेडिओ, सगळं पूर्ण लावून बर्डीकडे निघालो. मे महिना होता, एसीबद्दल बायकोनंही तक्रार केली नाही. झिरो माइलपाशी आधी रेडिओ गेला, मग एसी, मग हेडलाइट पिवळे झाले आणि गाडी दगडी खांबासमोर, तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांच्या साक्षीनं थांबली. हा खांब देशाचा मध्य समजला जातो. भूगोलवाले हुज्जत घालतात, पण मागून हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या लेखी त्या वेळी देशाच्या मध्यभागी मीच होतो. धक्का मारूनही उपयोग झाला नाही. पेट्रोल गाडीची बॅटरी पार बसली की ठिणगीच पडत नाही. शेवटी टोचन करून घरी आलो.

मल्टिमीटरच्या पोटातला ९ व्होल्टचा सेल उतरला की मीटर खोटं बोलतं आणि बहुधा चढवून बोलतं, हे मला ठाऊक होतं. तो सेल शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना माझ्याबरोबर निवृत्त झाला होता, हेही ठाऊक होतं. पण आकडा दिसला की माणूस यंत्राला जाब विचारत नाही. ३० मे २०२४ ला आपल्या नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं होतं. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण तोवर अर्ध्या नागपूरला प्रत्यक्ष ५६ अंशांचा उकाडा होऊन गेला होता. मलाही झाला होता.

यानंतर मी प्रयोगवही घातली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या रकान्यात विचित्र गोष्ट दिसू लागली. नव्या गुळगुळीत सिमेंट रस्त्यावरून गेलो की बॅटरी उतरायची. जिथं पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवला होता तिथून गेलो की चार्जिंग उत्तम. म्हणजे महापालिका रस्ता बांधेल तसतशी माझी गाडी बिघडत जाणार! अनुमानाच्या रकान्यात मी ‘गाडी विकासविरोधी आहे’ असं लिहिलं, आणि उपाय म्हणून रोज मुद्दाम खड्ड्यांचा रस्ता धरू लागलो.

“अहो, चांगला सिमेंटचा रोड सोडून खड्ड्यात काहून घालता गाडी?” बायकोनं विचारलं.

“चार्ज करतोय.”

तिनं पुढच्या चौकात उतरून ऑटो केला.

शेवटी गेलोच गणेशपेठेत. वाटेत खोदकाम, त्यामुळं पोचेपर्यंत गाडी ठणठणीत. मिस्त्रीनं मीटर लावलं. “१४.१ दाखवून राह्यलं न, सर. काहून आणली?” मी बिघाडाचं वर्णन करू लागलो. गाडीनं मला साफ तोंडघशी पाडलं. परत पाठवणी झाली. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी सिमेंटच्या रस्त्यानं लांबचा वळसा घालून, हळूहळू, एकही धक्का बसू न देता गेलो. आयुष्यात इतकी निगुतीनं गाडी कधी चालवली नव्हती.

मिस्त्री जेवायला गेले होते. हाताखालच्या पोरानं इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली आणि म्हणाला, “सर, बॅटरीचा लाल दिवाच लागत नाही न.”

“नाही लागत. म्हणजे बॅटरी ठीक आहे,” मी म्हणालो. इतके दिवस त्या विझलेल्या दिव्यावर माझा भरवसा होता.

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी ओळखतो. उत्तरपत्रिका तपासताना माझीच ती. मग बॉनेट उघडून त्यानं पान्याच्या मुठीनं अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच टक्-टक् केलं. आत लाल दिवा लागला. “कार्बन गेले,” तो म्हणाला, आणि पान्याला पान्यात अडकवून खोलायलाही बसला.

किल्ली फिरवली की त्या दिव्यातून येणारा करंट कार्बन ब्रशमधून स्लिप रिंगवर आणि तिथून रोटरच्या गुंडाळीत जातो. म्हणून आधी दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. माझ्या गाडीतल्यासारख्या जुन्या धाटणीच्या अल्टरनेटरात दिवा मुळातच न लागणं ही कार्बन टेकत नसल्याची खूण. रोटरला तीन-चार अँपिअर मिळाले की स्टेटर साठेक अँपिअर देतो. ते तीन-चार मिळाले नाहीत तर काहीच देत नाही. झिजलेल्या कार्बनमागची स्प्रिंग सैल पडते, मग गाडी हादरली तर कार्बन टेकतो, नाही तर लोंबकळत राहतो. खड्ड्यांचं गूढ एवढंच. पोरानं काढून दाखवलेले माझे कार्बन उडदाच्या दाण्याएवढे उरले होते.

बोर्डाच्या पुस्तकातल्या जनित्राच्या आकृतीत हेच दोन कार्बन ब्रश असतात. जो विद्यार्थी त्यांना नावं द्यायला विसरे त्याचा मी अर्धा मार्क कापत असे, आणि वर ‘ब्रशशिवाय वीज कुठून येणार, मूर्खा?’ असं लाल शाईत लिहीत असे. त्या पोरांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यानं येऊन अर्धा मार्क घेऊन जावा.

बिल पाहिलं तेव्हा दोन कार्बनचा खर्च मी बदललेल्या बॅटरीपुढं सांगायलाही लाज वाटावी इतका होता. आता गाडीत बॅटरी, बेल्ट आणि एक टायर नवाकोरा आहे, आणि ती सिमेंटच्या रस्त्यावरही चार्ज होते. मल्टिमीटर कोणाला हवा असेल तर फुकट देतो. सेल ज्याचा त्यानं घालावा.