कंट्रोलर काका

आमच्या सोसायटीत आजारी पडणं सोपं आहे, ते लपवणं अवघड. कारण पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर, रोज सकाळी कंट्रोलर काका बसलेले असतात. काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, हे सांगण्यात सातारा स्टँडवर त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या आणि माणसं आली, एवढाच फरक. कुणी लंगडताना, पोट धरून चालताना दिसला की बाकावरून हाक येते, "कुठं निघाला? इकडं या आधी!"

काका औषध मात्र कधीच सांगत नाहीत. काढा नाही, चूर्ण नाही, मेव्हण्याला लागू पडलेली गोळी नाही. "गाडी चालवायची ड्रायव्हरनं. आपण फलाट सांगायचा." आणि फलाट ते बरोबर सांगतात, हे त्यांच्यावर खार खाणारेसुद्धा मान्य करतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना चक्कर यायची. कुणी बी.पी. म्हणालं, कुणी मानेचे मणके म्हणालं, आणि मास्तरांच्या गळ्यात पट्टा आला. काकांनी पट्ट्याकडे नापसंतीनं पाहिलं.

"डोळ्यापुढं अंधारी येते, का घर फिरतं?"

"घर फिरतं."

"परत सांगा, मोठ्यानं. कुशीवर वळल्यावर?"

"हो, वळल्यावर!"

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट असेल!"

"कानवाला."

फिरतंय डोकं आणि हा माणूस कान दाखवायला सांगतोय, म्हणून मास्तर तणतणले, पण गेले. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात बारीक खडे असतात; ते जागा सोडून भलत्याच नळीत शिरले की घर फिरायला लागतं. डॉक्टरांनी मास्तरांना टेबलावर आडवं केलं, मान ठरावीक पद्धतीनं या कुशीवरून त्या कुशीवर वळवली आणि खडे जागेवर आणले. गोळी एकही दिली नाही. मास्तर ठणठणीत झाले. फी घेऊन नुसतं लोळवलं, याचा सल मात्र त्यांना अजून आहे.

काकांच्या लेखी आजार तीन प्रकारचे: साधी, जलद आणि विनाथांबा. सर्दी, अंगदुखी, कालपासूनचा ताप ही साधी गाडी. तिनं कोपऱ्यावरच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं. तो सोडून थेट बड्या स्पेशालिस्टचा नंबर लावणाऱ्यांचा काकांना मनस्वी तिटकारा. डोकं दुखतंय म्हणून एम.आर.आय.चे दर विचारत फिरणाऱ्या एका पोराला त्यांनी आधी डोळे तपासायला धाडलं. चष्मा लागला. त्यावर काकांची पुरवणी होतीच : "पण एकाएकी, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, तर चष्मा शोधत बसू नको. तसाच हॉस्पिटलात जा."

जलद म्हणजे नागीण. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कमरेवर पुरळाचा पट्टा उठला, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी तोंड आणि शेपूट जुळलं की खेळ खलास, असं जाहीर केलं. काकू दर तासाला आरशापुढं उभ्या राहून उरलेलं अंतर बोटांनी मोजत होत्या. "अहो, ती सहसा शरीराची एकच बाजू धरते, जुळणार कुठून?" काका गरजले. "तिचं अंतर मोजू नका, तास मोजा! 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. स्किनवाला! आणि कपाळावर किंवा नाकावर उठली तर डोळेवालासुद्धा!"

विनाथांबाच्या वेळी मात्र काका बाकावर बसत नाहीत. गणपतीच्या आरतीत चेअरमन घामानं निथळले, जबडा चोळायला लागले आणि "गॅस झालाय, सोडा आणा" म्हणाले. सोडा आणायला तिघं धावले. काकांनी 108 फिरवला. "गॅस आहे का नाही ते ई.सी.जी. ठरवंल, सोडा नाही. त्यात ह्यांना शुगर! शुगरवाल्याची छाती दुखंलच असं नाही." तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर काका एकच आकडा ओरडतात : साडेचार तास. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण तेवढ्याच वेळात देता येतं. तेही आधी सी.टी. स्कॅन काढून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. अशा वेळी गावाकडच्या मालिशवाल्याचं नाव काढणाऱ्याला काका जे बोलतात, ते इथं छापता येणार नाही.

एवढं सगळं असून लोक काकांना टाळतात. याचं कारण त्यांचा आवाज. स्टँडवरचा भोंगा बंद पडला की काका नुसत्या गळ्यावर फलटणची गाडी लावत, असं सांगतात. आमच्या सेक्रेटरींनी एकदा आजूबाजूला पाहून त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं.

"काय? मोठ्यानं!"

सेक्रेटरींनी आवाज कणभर वाढवला.

"रक्त? संडासला? लाल का काळं?"

चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

"पन्नाशीनंतर मूळव्याध आहे असं आपलं आपण ठरवायचं नाही! दुर्बीण घालून बघायला लागतं! पोटवाला! आजच!"

दुर्बिणीत आतड्यात एक कोंब सापडला. पुढं कॅन्सर होऊ शकला असता असा, पण तो वेळेत काढला. सेक्रेटरींच्या बायकोनं काकांच्या घरी पेढे पाठवले. सेक्रेटरी स्वतः मात्र तेव्हापासून मागच्या गेटनं ये-जा करतात.

काकांचा हा आवाज नोकरीतल्या सवयीचा, असं आम्ही धरून चाललो होतो. काकांच्या घरच्या काकूंचं म्हणणं वेगळं. घरात टी.व्ही. इतका मोठा लागतो की मालिकेत कोण रडतंय ते खाली वॉचमनला कळतं, कुकरच्या शिट्ट्या एकट्या काकूंनाच मोजाव्या लागतात, आणि दारावरची बेल ही काकांच्या मते दोन वर्षांपासून बिघडलेली आहे. शेवटी काकूंनी गळ घातली म्हणून रविवारी मास्तर बाकाजवळ गेले.

"काका, तुम्ही एकदा कान दाखवून या."

"काय?"

"कान! कानवाल्याकडं जा!"

"हां, कानवाला! रविवारी नसतो तो. उद्या दहाला या म्हणावं," काका म्हणाले आणि सरकून त्यांनी मास्तरांना बसायला जागा केली. "आता सांगा, पेशंट कोण?"