आभाळाकडे बघू नका

पाऊस लांबला की तासगावातले लोक देवाला नारळ फोडतात. आमच्या घरात मला मॅच बघायला पाठवतात. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल बघायला गेलो, चिखल झाला. पुण्यात क्रिकेटला गेलो, पिचवर कव्हर बघून परत आलो. पुतण्याच्या शाळेच्या खो-खोलासुद्धा ढगांनी मला सोडलं नाही. आणि हाच मी मृगाच्या तोंडावर आपल्याच बांधावर उभा राहून मान मोडेस्तोवर वर बघतो, तेव्हा वर एक पांढरा फुटका ढगसुद्धा नसतो. सौभाग्यवती म्हणतात, तुमचा पायगुण परगावचा आहे.

म्हणून पुतणीने अमेरिकेहून फोनवर सांगितलं, "काका, एप्रिलमध्ये या, आमच्या युनिव्हर्सिटीचा बेसबॉल सीझन असतो," तेव्हा हिने पहिला प्रश्न विचारला, "स्टेडियमला छप्पर आहे का?"

छप्पर आहे, पण थोड्याच भागाला. पुतणी मातीवर पीएच. डी. करते. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पैसे मातीत घातले, ही पहिलीच मातीतून काढते आहे. तिचं मिसिसिपी स्टेट विद्यापीठ स्टार्कव्हिल नावाच्या गावात, अलाबामाच्या हद्दीपासून फार लांब नाही. १८७८ साली शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी हे कॉलेज काढलं, आणि तेव्हापासून शेजारच्या शिष्ट विद्यापीठाची पोरं त्याला 'गाईंचं कॉलेज' म्हणून चिडवत आली. इथल्या पोरांनी रडत न बसता गायीच्या गळ्यातली घंटाच हातात घेतली. कधीतरी एक जर्सी गाय भर सामन्यात मैदानात शिरली आणि इथला संघ जिंकला, अशी दंतकथा सांगतात. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला हजारो माणसं ती घंटा बडवतात. कान किटलेल्या बाकीच्या विद्यापीठांनी १९७४ साली तिच्यावर बंदी आणली. ती मोडत मोडत लोकांनी २०१० पर्यंत कळ काढली, मग अटी घालून परवानगी मिळाली. मला हे लोक तिथेच आवडले. मीही एक घंटा घेतली. पुतणी म्हणाली, "काका, ही गाडीतच राहू दे." ही म्हणाली, "आणि ती घरीही वाजवायची नाही."

कॅम्पस बघितला. ड्रिल फील्ड नावाचं मोठं हिरवं मैदान आहे, त्याच्या कडेने विटांच्या इमारती आहेत, आणि चालणाऱ्याला गाडीवाले थांबून वाट देतात, हे बघायला मी दोनदा उगाच रस्ता ओलांडला. ज्या जनरल ग्रँटने १८६३ साली याच राज्यातल्या विक्सबर्गला वेढा घालून लोकांची उपासमार केली, तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याचं अध्यक्षीय ग्रंथालय आता इथल्या लायब्ररीत आहे. आमच्याकडे असं काही करायचं म्हटलं तर आधी बंद पुकारला जाईल, मग समिती नेमली जाईल. कॉलेजच्या डेअरीच्या दुकानात एडम चीजचा लाल मेणात बुडवलेला गोळा मिळतो, १९३८ पासून करतात म्हणे. लोक त्याला तोफगोळाच म्हणतात. विमानात सामानात चालेल का, यावर आमच्यात अर्धा तास चर्चा झाली.

एक गोष्ट मात्र पुतणीने सांगितली आणि मी चालता चालता थांबलो. १९६३ साली इथल्या बास्केटबॉल संघाला राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं होतं. समोर शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाचा संघ, त्यात काळी मुलं. आणि गोऱ्यांच्या संघाने काळे खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचं नाही, असा या राज्याचा अलिखित नियम. कोर्टाचा मनाईहुकूम निघाला. तो बजावून घ्यावा लागू नये म्हणून विद्यापीठाचे अध्यक्ष आणि कोच आधीच राज्याबाहेर पडले, आणि मागून पोरंही गुपचूप निसटली. मिशिगनमध्ये सामना झाला, हे ६१-५१ असे हरले. पहिला काळा विद्यार्थी या विद्यापीठात यायला त्यानंतर आणखी दोन वर्षं लागली. वीस-एकवीस वर्षांची पोरं, फक्त खेळायला मिळावं म्हणून स्वतःच्याच राज्यातून पळाली. बेसबॉल बघायला आलो होतो, पण त्या हरलेल्या मॅचचं तिकीट मी जास्त पैसे देऊन काढलं असतं.

तर शुक्रवारची संध्याकाळ. स्टेडियमचं नाव डूडी नोबल फील्ड. दारावर नियम असा की पिशवी आरपार दिसणारी हवी. हिच्या पर्समध्ये काय असतं हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते मिसिसिपीच्या सिक्युरिटीवाल्याला आणि मागच्या अख्ख्या रांगेला एका नजरेत कळलं: बीपीच्या गोळ्या, विक्सची डबी, देवीचा अंगारा, विमानातल्या साखरेच्या पुड्या आणि माझा आठवड्यापासून हरवलेला चष्मा.

इथलं खरं प्रेक्षणीय स्थळ मैदानाच्या डाव्या कुंपणापलीकडे आहे. साठच्या दशकापासून लोक तिथे पिकअप ट्रक आणि ट्रेलर उभे करून, शेगड्या पेटवून, मांस भाजत मॅच बघायचे. पुढे स्टेडियम नवं केलं तेव्हा शहाण्या माणसांनी ते हटवलं नाही, पक्क्या ओट्यांवर नीट बसवलं. 'लेफ्ट फील्ड लाउंज' म्हणतात. कादंबरीकार जॉन ग्रिशम इथलाच विद्यार्थी, १९७७ ला हिशेबाची पदवी घेऊन बाहेर पडला. त्या धुराखाली बसून हिशेब शिकलेला माणूस कादंबऱ्यांकडे वळला तर नवल नाही. पुतणीच्या गाइडच्या ओळखीने आम्हाला तिथे जागा मिळाली होती. हिचा शुक्रवार. चहूकडे डुकराच्या बरगड्या भाजल्या जातायत आणि ही मधोमध पदर सावरून बसलेली. तेवढ्यात कोणीतरी सालासकट भाजलेल्या शेंगांची पुडी पुढे केली. हिचा चेहरा असा उजळला, की बेसबॉल हा मुळात उपासाचा खेळ आहे असं तिचं तिथेच ठरलं.

खेळ सुरू झाला. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू फेकतो, तोही टप्पा न पाडता. कॉलेजातल्या बॅट धातूच्या असतात. त्यामुळे चेंडू लागला की लाकडाचा ठक्क येत नाही, दूधसंघाच्या दारात रिकामा कॅन पडावा तसा आवाज येतो. २०२१ साली इथल्या पोरांनी ओमाहाला जाऊन राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, विद्यापीठाच्या इतिहासात कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलं. एप्रिल २०२३ मध्ये त्याच शिष्ट शेजाऱ्यांविरुद्ध १६,४२३ माणसं इथे जमली होती, कॉलेजच्या आवारातल्या मैदानावर एवढी गर्दी तोवर कधी झाली नव्हती. हे आकडे मला शेजारच्या गृहस्थांनी सांगितले. मिसिसिपी डेल्टातले शेतकरी, पन्नाशी उलटलेली, सोयाबीन आणि कपाशी. मी द्राक्षवाला म्हटल्यावर त्यांनी माझा हात सोडलाच नाही.

तिसऱ्या इनिंगमध्ये मी सहज वर बघितलं.

आभाळ पश्चिमेकडून काळंनिळं झालं होतं. आणि लगेच, अगदी लगेच, दूर एक वीज चमकली. अंपायरने दोन्ही हात वर केले, खेळाडू आत पळाले, कर्ण्यावरून सूचना सुरू झाल्या, आणि अख्खं स्टेडियम उठून गॅलरीमागच्या छपराखाली चालू लागलं. हिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं.

नियम असा: सहा-आठ मैलांच्या आत वीज पडली की खेळ बंद. शेवटच्या विजेपासून तीस मिनिटं कोरडी गेली पाहिजेत, मगच पुन्हा सुरू. मध्ये एक जरी चमकली तरी पुन्हा पहिल्यापासून तीस. ज्या सामन्याला संपायची ठरलेली वेळ नसते, त्याला खेळ थांबल्यावर घड्याळ लागतं.

डेल्टावाल्यांनी फोनवर वेळ लावली. पंचवीस मिनिटं झाली. सव्वीस. पोरं ओठांवर बोट ठेवून उभी. अठ्ठाविसाव्याला मी म्हटलं, आता काय होतंय, बघू तरी. आणि छपराच्या कडेने डोकं बाहेर काढलं.

कडाड्.

हजारो लोकांनी एकदम 'ओऽऽ' केलं. "अहो," ही म्हणाली, "आभाळाकडे बघू नका म्हणते ना मी." पुतणीला हसू आवरेना. तिने डेल्टावाल्यांना इंग्रजीत सगळा इतिहास सांगितला: शाहू स्टेडियम, पुणे, खो-खो. त्यांनी गंभीरपणे ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली, माझ्या डोक्यावर घातली आणि तिची पुढची कड माझ्या नाकापर्यंत ओढली. "सर," ते म्हणाले, "मेहरबानी करा." दक्षिणेतली माणसं कुठल्याही विनंतीत 'सर' घालतात, त्यामुळे आपलं कौतुक चाललंय की अपमान, ते चटकन कळत नाही.

दुसरी तीस मिनिटं मी टोपीखालून फक्त बूट बघितले. बातमी पसरली होती. माणसं येऊन मला बघून जात. एका आजीबाईंनी विचारलं, तुम्ही उद्याही आहात का? एकविसाव्या मिनिटाला पुन्हा वीज. मी खालीच बघत होतो, सगळे साक्षीला आहेत. पण आरोप मागे घेण्याची पद्धत त्याही देशात नाही.

मग पाऊस आला. मैदानाच्या कडेला एका भल्या मोठ्या नळावर ताडपत्री गुंडाळलेली होती, तिच्याकडे पंधरा-वीस पोरं धावली. इथे मी टोपी वर केली, कारण ताडपत्री हा माझा विषय आहे. दीडशे फुटांहून लांब-रुंद कापड, वारा सुटलेला. नवशिका असता तर सोयीची कड आधी धरली असती आणि वाऱ्याने कापड फुगवून पोरांसकट उचललं असतं. यांनी वाऱ्याच्या तोंडाकडची बाजू आधी दाबली. दोन पोरं पालथी पडून तिच्यावर झोपली, बाकीची उलट दिशेने कड ओढत पळाली, आणि ओढताना वाकून, कापड जमिनीलगत ठेवून पळाली. मग कडेने वाळूच्या पिशव्या. माझ्या तोंडून "शाब्बास रं!" निघून गेलं. डेल्टावाल्यांना शब्द कळला नाही, पण तेही त्याच कडेकडे बघत मान हलवत होते.

तेवढ्यात भावाचा फोन. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

"दादा, आभाळ भरलंय."

आमचा बेदाणा शेडवर होता. द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून रॅकवर पसरली की पंधरा-वीस दिवस लागतात. त्यात एक पाऊस, नुसती दमट हवा जरी आली, तरी हिरवा-पिवळा माल काळा पडतो आणि दर निम्म्यावर येतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासूनचा खर्च त्या जाळीवर वाळत असतो. "मोबाइलवर चाळीस टक्के दाखवतंय," भाऊ म्हणाला. या टक्क्यांची मला चीड आहे. चाळीस टक्के पाऊस येतो म्हणजे काय करायचं? चाळीस टक्के ताडपत्री टाकायची? टाकली आणि ऊन पडलं तर आत वाफ धरते. नाही टाकली आणि आला तर वर्ष गेलं. ज्यांना शेड नाही त्यांनी ते आकडे काढावेत, आणि ज्यांना आहे त्यांनी रात्र काढावी.

"पश्चिमेची बाजू आधी दाब," मी सांगितलं. "मग गडी बोलव." फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता आणि इकडे कानावर वाऱ्याचाच आवाज, कुठला कुठला ते वेगळं करता येईना. फोन ठेवल्यावर डेल्टावाल्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी आपल्या फोनवर एक फोटो काढून दाखवला: गुडघाभर पाण्यात उभं सोयाबीन. मग दुसरा: भेगाळलेलं तेच शेत. दोन्ही एकाच वर्षातले, एवढंच बोलले. ही मुकाट्याने उठली आणि उरलेल्या शेंगा त्यांच्या ओंजळीत ओतल्या.

दहाच्या सुमाराला कर्ण्यावरून जाहीर झालं की उरलेला खेळ उद्या दुपारी, आणि त्याच्यामागून उद्याचा सामना. लोकांनी कुरकुर न करता शेगड्या झाकल्या. डेल्टावाल्यांनी टोपी परत घेतली नाही. उलट माझा नंबर घेतला. "जुलैत शेंगा भरायच्या वेळी आम्हाला पाणी लागतं," ते म्हणाले. "विमानाचं तिकीट माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त या आणि वर बघा."

पहाटे भावाचा निरोप आला: थेंबसुद्धा पडला नाही, वारं आलं आणि गेलं. गड्यांनी मात्र पूर्ण हजेरी घेतली.

शनिवारी मला घरी ठेवण्यात आलं. मतदान झालं होतं, दोन विरुद्ध एक. ही आणि पुतणी आरपार पिशवीत शेंगा घेऊन गेल्या. बाहेर लख्ख ऊन. मी चीजचा गोळा मांडीवर घेऊन मेण कुठून सोलायचं ते शोधत बसलो.

संध्याकाळी ही परत आली ती नाक लाल, डोक्यावर किरमिजी टोपी आणि तोंडात अंपायर. तिसऱ्या बेसवरचा पोरगा कसा धडधडीत आत पोचला होता, त्याला कसं बाद दिलं, तिने आणि डेल्टावाल्यांच्या मंडळींनी उभं राहून कसा आवाज केला, हे तिने चहा होईपर्यंत, चहा पिताना आणि कप विसळतानाही सांगितलं. मग डाव्या हाताने टाकणारे पिचर कसे खोडसाळ असतात, यावर स्वतंत्र.

"शेवटी जिंकलं कोण?" मी विचारलं.

ही थबकली. पुतणीकडे बघितलं. "ते बघायचं राहिलं बाई," म्हणाली, "आम्ही शेंगा आणायला गेलो होतो."