दोष पायांचा

इंग्रज माणूस घाबरत नाही. त्याचे पाय गार पडतात. लग्न दोन दिवसांवर आलं, चर्च ठरलं, सूट शिवून आला, आणि नवरदेव एकाएकी गप्प गप्प झाला, की मंडळी म्हणतात, 'ही हॅज गॉट कोल्ड फीट.' माणूस निर्दोष, गुन्हेगार पाय! आपल्याकडे अशा मुलाला काय काय म्हणतात, आणि त्याच्या आईला काय, ते इथे छापण्यासारखं नाही.

बरं, प्रत्येक भीतीला हे पाय चालत नाहीत. कुत्रं अंगावर आलं तर पाय गार पडत नाहीत, सरळ पळतात. गार पडायला आधी छाती फुगवून 'हो' म्हटलेलं असावं लागतं. सोसायटीच्या गणपतीत भाषण कराल का, असं कुणी जूनमध्ये विचारलं तर मी लोकमान्यांच्या थाटात होकार देतो. घसा बसतो तो भाद्रपदात.

शरीरशास्त्र मात्र पायांची बाजू घेतं. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. तळव्यांची रसद कापून मांड्यांना पोचवली जाते, पळता यावं म्हणून. बोहल्यावरून पळणाऱ्याचं रक्त त्याच्याआधीच निघालेलं असतं.

गंमत म्हणजे या पायांचं मूळ गोत्र कडकीचं. १६०७ साली छापलेल्या बेन जॉन्सनच्या 'व्होल्पोनी' नाटकात तेल विकणारा भोंदू वैदू लोंबार्डीतल्या म्हणीचा हवाला देऊन बजावतो की आपले पाय काही गारठलेले नाहीत. म्हणजे माल पडत्या भावात विकण्याइतकी वेळ आलेली नाही. पुढे १८६०च्या दशकात फ्रिट्झ रॉयटर या जर्मन लेखकाच्या कादंबरीत पत्त्यांच्या डावातून उठायला गार पायांची सबब पुढे येते. रमीत चार पैसे सुटले की ज्यांना नेमका बायकोचा फोन येतो, ते याच घराण्यातले. अवसान गळण्याचा आजचा अर्थ स्टीफन क्रेनच्या 'मॅगी' या कादंबरीच्या १८९६च्या आवृत्तीत, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत भेटतो.

आमच्या शेजारच्या काकांना यातलं काहीच लागू नाही. वर्गणी असो, सहल असो, मुलीकडच्यांना द्यायचं उत्तर असो, ते 'बघू' म्हणतात. आजवर त्यांनी एकाही गोष्टीतून माघार घेतलेली नाही.