शीळ, टिचकी आणि पत्ता

पावसाळ्यात सह्याद्रीत जाऊन आलेला माणूस धबधब्याइतकंच शीळकरी कस्तुराचं कौतुक सांगतो. ते खोटं नाही. पहाटेच्या अंधारात हा निळसर काळा पक्षी अशी काही सैल, बेफिकीर शीळ घालतो, की इंग्रजांनी त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ म्हणून टाकलं. पण या कीर्तीत गळ्यापेक्षा पत्त्याचा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कस्तूर हवेत गातो आणि श्रोत्यांचे कानही हवेतच असतात. समुद्रात राहणाऱ्या, पंज्याची टिचकी वाजवणाऱ्या बोटभर कोळंबीला ही सोय नाही. तिचा एक पंजा अंगाच्या मानाने अवाढव्य. तो ती अशा झपाट्याने मिटते, की पाण्याची चिळकांडी उडते, त्यात बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना बार उडतो. आवाज पंज्याचा नव्हे, बुडबुड्याचा, हे कळायला २००० साल उजाडावं लागलं. पुढच्याच वर्षी त्या बुडबुड्यातून निघणारा क्षणिक प्रकाशही उपकरणांनी टिपला. आतलं तापमान किमान ५,००० केल्विन! स्वतःच्या मैफिलीत एवढी रोषणाई कुठल्या कस्तुराने केली आहे? दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांची चाहूल घेत बसलेल्या नौसैनिकांना मात्र या कोळंब्यांची कडकड मुकाट्याने ऐकावी लागली. तिला लाभलेले जाणकार श्रोते बहुधा तेवढेच.

जाणकार म्हणतील, पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगळे. मान्य. पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा करावे लागतात. कोळंबीच्या १९० मधून ते गेले तरी उरलेल्या १२८ पुढे कस्तुराने गप्पच बसावं. दुसरा आक्षेप असा, की ही टिचकी म्हणजे शिकार गारद करायचं नि शेजाऱ्याला धमकावायचं हत्यार, गाणं नव्हे. पण पाखराच्या सुरेल गाण्याचा अर्थ तरी पुष्कळदा ‘ही हद्द माझी, चालता हो’ एवढाच असतो. तालीम हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. गाणारे पक्षी थोरांचं ऐकून शिकतात. कोळंबीला ना गुरू, ना घराणं. तिच्याकडे आहे ती पर्यायी व्यवस्था. मोठा पंजा तुटला, तर पुढच्या काती टाकताना दुसरा लहान पंजा वाढून मोठा होतो आणि तुटल्या जागी नवा लहान उगवतो. बसलेल्या गळ्याच्या गवयांनी हेवा करावा अशी ही गोष्ट. या वादात कस्तुराची साक्ष काढण्यात अर्थ नाही. तो ओढ्याकाठी खेकडे खातो, आणि खेकडे म्हणजे कोळंबीचे भाऊबंद.