प्रश्नाच्या पोटातला आकडा

बास्केटबॉलचा खेळाडू किती उंच असेल? सरासरी उत्तर आलं, साधारण ७९ इंच. दुसऱ्या गटाला विचारलं, किती बुटका असेल? उत्तर ६९ इंच. एका शब्दाने गडी १० इंच खाली.

खेळाडू कुणीच पाहिलेला नव्हता. पण म्हणून कुणी गप्प बसलं का?

हे झालं १९७३ साली, अमेरिकेत. पुढच्याच वर्षी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. 'गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा' असं विचारलं, तर ताशी ३१.८ मैल. 'धाडकन आदळल्या तेव्हा' म्हटलं, तर ४० च्या वर. फिल्म त्याच, डोळे शाबूत, जवळजवळ नऊ मैल प्रश्नाचे.

पुढच्या प्रयोगात आठवडाभराने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? 'धाडकन' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले.

फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

कायद्याला हा खेळ जुनाच ठाऊक. सूचक प्रश्नाला सरतपासणीत हरकत घेता येते. उलटतपासणीत मात्र खुशाल विचारा!

जर्मनीतल्या एका प्रयोगात तर कमाल झाली. गांधीजी गेले तेव्हा वय ९ पेक्षा जास्त होतं की कमी? दुसऱ्या गटाला हाच प्रश्न, फक्त ९ च्या जागी १४०. आता ९ वर्षांचे महात्मा कोण मानणार? कुणीच नाही. तरीही नेमकं वय सांगा म्हटल्यावर पहिल्या गटाची सरासरी ५०, दुसऱ्याची ६७. खरं वय ७८. वेडगळ आकडा आपण हसून उडवतो, तो मात्र डोक्यात मुक्काम ठोकतो.

आमच्या मंडळाच्या पोरांनी यातलं अक्षरही वाचलेलं नाही. त्यांचं काही अडलं? वर्गणीसाठी दारात उभं राहून पावतीपुस्तक उघडतात ते थेट शेजाऱ्याच्या स्थळप्रतीवर. 'काका, वरच्यांनी २१०१ दिले. तुमचे किती लिहू?' 'देणार का?' हा प्रश्न जिन्यातच गळून पडलेला असतो.

काकांनी मनात १०१ धरलेले. देतात ५०१, आणि दार लावताना काकूंना म्हणतात, स्वस्तात सुटलो.

पोरांना हवे होते २५१.