एक मिनिट गच्चीवर या

आटपाडी तालुक्यात आभाळाकडे सगळेच बघतात, ढग दिसतोय का म्हणून. ढग नसावा म्हणून बघणारा माणूस एकच, आमच्या गल्लीतले निवृत्त विज्ञानशिक्षक. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. पाऊस लागला की त्यांचं तोंड उतरतं, पण माणदेशात तसं उघड दाखवायची सोय नाही. मग "बरं झालं हो, ज्वारीला" असं पुटपुटत ते दुर्बिणीवर खताचं रिकामं पोतं टाकतात.

रात्री वीज गेली की गल्ली वैतागते आणि मास्तर लेंगा सावरत जिना चढतात. वरून हाक येते, "एक मिनिट या. बॅटरी आणू नका!" हे मिनिट केवढं असतं ते काकूंना विचारा. ताटं झाकून ठेवायची त्यांना आता सवयच झाली आहे.

कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री ते डोक्यावरचा एक पुसट डाग दाखवतात. आपल्याला काही दिसत नाही. "दिसलं का?" असं तिसऱ्यांदा विचारल्यावर सभ्य माणूस "दिसलं" म्हणतो. हा डाग म्हणजे देवयानी दीर्घिका. "शिळी बातमी बरं का, 25 लाख वर्षांची!" तेवढ्या वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आत्ता पोचतोय. त्यामुळे सकाळी कालचा पेपर हाती आला तरी मास्तरांची तक्रार नसते.

दीर्घिका जितकी लांब, तितक्या जास्त वेगानं ती दूर पळते, हे हबलनं 1929 साली दाखवून दिलं. शेजारच्या डाळिंबवाल्याला हे समजावताना मास्तर म्हणाले, "डाळिंब फुगलं की दाणे एकमेकांपासून लांब सरकतात, तसं विश्व."

"पर मास्तर, दानं बी फुगत्यात की!"

मास्तर खुर्चीतून उठलेच. "हाणलंस! तिथंच मेख आहे. दीर्घिका फुगत नाही, गुरुत्वाकर्षण तिला आवळून धरतं. फुगते ती मधली जागा."

"आन् ती देवयानी?"

"ती जवळची. ती आपल्याकडंच येतीय."

"म्हंजी लांबची लांब जात्यात आन् शेजारी तेवढा बांध कोरतोय."

यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं.

जिन्याच्या भिंतीवर त्यांनी खडूनं दोन रेघा मारल्यात, एक 21 सेंटिमीटरची, दुसरी 48 ची. दिवाळीत रंगारी तेवढी भिंत सोडून रंग देतो. हायड्रोजनची रेडिओलहर निघते 21 सेंटिमीटरची. एका दीर्घिकेतून 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी लहर वाटेत ताणली जाऊन 48 ची झाली आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीनं ती पकडली. ही बातमी 2023 ची. तिथं 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. मास्तरांनी शाळेची सहल नेली, तेव्हा आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगितलं होतं. तो नियम त्यांनी स्वतःच्या गच्चीलाही लावून टाकला.

महास्फोटाचा विषय मात्र त्यांच्यापुढे काढू नये. जयंत नारळीकरांना प्रसरण मान्य होतं, महास्फोट नव्हता, आणि नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे. पुरावा बहुतेक सगळा पलीकडच्या बाजूला आहे हे मास्तरांना पक्कं ठाऊक आहे. तरी "आपला माणूस आहे," एवढं म्हणून ते दुर्बिणीची काच पुसायला लागतात.

आटपाडीला आलात तर जरूर भेटा. फक्त जेवून या आणि स्वेटर आणा. "एकच तारा" म्हणाले, तरी व्याध उगवेपर्यंत ते सोडत नाहीत.